नेक्स्ट बटण कुठे अडवावं, कुठे मोकळं सोडावं?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती), सोमवार रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

यंत्रांच्या देखभालीच्या वेळी घ्यायची काळजी या विषयावर एक ई-लर्निंग कोर्स बांधते आहे. स्टोरीलाइन ३६० (कोर्स बांधायचं सॉफ्टवेअर) मध्ये, साठेक स्लाइड, जवळपास प्रत्येक स्लाइडला निवेदन. क्लायंटची अट अशी की निवेदन संपल्याशिवाय नेक्स्ट चालू व्हायला नको आणि मेनूतून उडी मारता यायला नको. "नाहीतर लोक पटापट क्लिक करत शेवट गाठतात" हे त्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नाही.

तसं करून चाचणीसाठी काही जणांना दिलं, तर तक्रारींचा पाऊस. वाचून झालं तरी ताटकळत बसावं लागतं म्हणून कुणी वैतागलंय, कुणाला बटणच बिघडलंय असं वाटतंय.

तांत्रिक अडचणी तीन आहेत. मागे जाऊन पुन्हा पाहिलेल्या स्लाइडवर आलं की नेक्स्ट परत बंद होतं आणि सगळं निवेदन नव्याने ऐकावं लागतं. चार बटणं असलेल्या स्लाइडवर (प्रत्येक बटणामागे एक लेयर, म्हणजे त्याच स्लाइडवर उघडणारा जादा थर) चौथं बटण दाबताक्षणी नेक्स्ट उघडतं, त्या लेयरमधलं काही ऐकायच्या आतच. आणि एलएमएसवर (कोर्स चालवून त्याच्या नोंदी ठेवणारी यंत्रणा) चढवल्यावर काही जणांनी कोर्स अर्ध्यात सोडला की पुढच्या वेळी तो पहिल्या स्लाइडपासून सुरू होतो. सगळ्यांचा नाही, काहींचाच, म्हणून जास्त डोकेदुखी.

मूळ प्रश्न मात्र हा: असं सरसकट अडवावं का? तुम्ही काय करता?

अनुस्वार, सोमवार रात्री १०:०५

मूळ प्रश्नावर इथे पुरेशी भांडणं होतीलच, तोवर मी तांत्रिक भाग उरकतो.

परत आल्यावर नेक्स्ट बंद होतं कारण "टाइमलाइन सुरू झाली की नेक्स्ट डिसेबल्ड करा" हा ट्रिगर (अमुक घडलं की तमुक कर, असा आदेश; टाइमलाइन म्हणजे स्लाइडचं घड्याळ) दर भेटीला चालतो. माणूस आधी येऊन गेलाय की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याला अट लावा. अडवलेल्या प्रत्येक स्लाइडसाठी एक खरं/खोटं व्हेरिएबल (किंमत लक्षात ठेवणारी जागा) करा, सुरुवातीची किंमत खोटं. काम पुरं झालं की ते खरं करा आणि नेक्स्ट नॉर्मल करा. डिसेबल्ड करणारा ट्रिगर व्हेरिएबल खोटं असेल तरच चालेल असं करा. व्हेरिएबलच्या नावात स्लाइडचा क्रमांक घालू नका, मधे एखादी स्लाइड घुसवली की सगळी नावं खोटी पडतात. विषयाचं नाव घाला.

चार बटणांच्या स्लाइडवर "चारही बटणांची स्टेट व्हिजिटेड झाली की" असं लिहिलं असणार. व्हिजिटेड ही स्टेट (बटणाची अवस्था) क्लिक होताच लागते, लेयर पाहिला की नाही हे ती सांगत नाही. म्हणून प्रत्येक लेयरची टाइमलाइन संपली की (किंवा लेयर बंद करायचं बटण दाबलं की) त्या लेयरचं व्हेरिएबल खरं करा आणि चारही खरी झाली का ते तपासून नेक्स्ट उघडा. ट्रिगर पॅनेलमध्ये वरून खाली या क्रमाने चालतात, त्यामुळे किंमत बदलणारा वर, तपासणारा खाली. उलटं झालं तर चौथ्या लेयरनंतरही नेक्स्ट बंदच राहतं आणि आपण भलतीकडेच कारण शोधत बसतो.

मेनूचं थोडक्यात. प्लेअरच्या सेटिंगमधले फ्री, रिस्ट्रिक्टेड आणि लॉक्ड हे पर्याय मुळात मेनूसाठी आहेत. रिस्ट्रिक्टेडमध्ये आधी पाहिलेल्या स्लाइडवर मेनूतून जाता येतं, लॉक्डमध्ये तेही नाही. नुसत्या त्यांनी नेक्स्ट-प्रीव्हियस अडतातच असं नाही. मेनू लॉक करून नेक्स्टही अडलं असं समजणारे पुष्कळ आहेत. सीकबार (टाइमलाइन पुढेमागे ओढायची पट्टी) दाखवत असाल तर तोही बघा, नाहीतर तो ओढून कुणीही टाइमलाइनच्या शेवटाला जाईल. एकदा पूर्ण झाल्यावरच ओढू देणारा पर्याय त्यात आहे.

तिसऱ्या अडचणीसाठी सांगा: पब्लिश स्कॉर्म १.२ मध्ये (कोर्स आणि एलएमएसने एकमेकांशी बोलायचं मानक) केलंय का?

मधलीसुट्टी, सोमवार रात्री ११:४०

मी कोर्स बनवत नाही, मला ते दरवर्षी करावे लागतात. तेव्हा पलीकडच्या बाजूने चार शब्द.

क्लायंटला वाटतं नेक्स्ट अडवलं की लोक ऐकतात. आम्ही आवाज बंद करतो, दुसऱ्या टॅबमध्ये आपलं काम करतो आणि मधूनमधून येऊन बघतो बटण उजळलं का. स्लाइडवरचा मजकूर वाचायला पंधरा सेकंद लागतात, तोच मजकूर निवेदिका शब्दन् शब्द वाचून दाखवते पाऊण मिनिट. एकदा चीड बसली की पुढे खरोखर कामाची स्लाइड आली तरी डोळे बटणावरच असतात.

आणि मागे जायची हिंमत होत नाही हो. मागची आकृती पुन्हा बघावीशी वाटते, पण परत सगळं ऐकावं लागेल या धास्तीने नाही जात. म्हणजे नीट शिकू पाहणाऱ्यालाच शिक्षा.

चौकोन, मंगळवार सकाळी ८:३१

मधलीसुट्टी, दुसऱ्या टॅबची युक्ती सगळीकडे चालत नसेल बघा :)

ब्राउझरमधल्या बऱ्याच टाइमलाइन रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेमवर (चित्र पुढे सरकवायची ब्राउझरची सोय) धावतात आणि टॅब मागे गेला की ब्राउझर ते थांबवतो. साधे टायमरही मागच्या टॅबमध्ये मंदावतात. आवाज मात्र चालू राहू शकतो. मग निवेदन संपलेलं, टाइमलाइन अर्ध्यावर, आणि नेक्स्ट बंद. चाचणीत "बटण बिघडलंय" म्हणणारे काही जण यातले असू शकतील. निवेदनावर अडवायचंच असेल तर टाइमलाइनच्या शेवटाऐवजी 'मीडिया पूर्ण झालं' या घटनेला बांधा.

दुसरा सापळा पहिल्याच स्लाइडवर आहे. २०१८ मधल्या क्रोम ६६ पासून माणसाने पानावर कुठे क्लिक केल्याशिवाय आवाजासकट ऑटोप्ले सहसा होत नाही, सफारीचंही तसंच. निवेदन सुरूच झालं नाही तर ते संपणार कधी? नेक्स्ट कायमचं बंद. पहिली स्लाइड निवेदनाशिवाय ठेवा, तिच्यावर 'सुरू करा' असं बटण द्या. ती एक क्लिक झाली की पुढचा आवाज मोकळा.

बोरूबहाद्दर, मंगळवार सकाळी ९:५८

सगळेच अडवण्याच्या विरोधात चाललेत म्हणून उलट बाजू मांडतो. बरीच वर्षं कारखान्यातल्या लोकांना प्रशिक्षण देतो आहे.

यंत्र दुरुस्तीला घेण्याआधीची प्रक्रिया घ्या. यंत्र बंद करायचं. ऊर्जेचा स्रोत तोडायचा. त्यावर कुलूप आणि टॅग लावायचा. मग यंत्रात साठलेली ऊर्जा सोडायची: दाबाखालची हवा, ताणलेली स्प्रिंग, कपॅसिटरमधला भार, वर उचलून धरलेला भाग. आणि शेवटी खात्री करायची की खरंच काही उरलेलं नाही. यातली चौथी पायरी गाळणारे लोक मी पाहिलेत. "मला माहीत आहे" म्हणणारा अनुभवी माणूस, आणि गाळलेलं नेमकं तेच. अशाला मेनूतून थेट शेवटच्या परीक्षेकडे जायची मोकळीक द्यायची? इथे क्रम हाच धडा आहे. पाचवी पायरी चौथीच्या आधी दिसताच कामा नये.

शिवाय काही प्रशिक्षणांना नियामकाने किमान वेळ ठरवून दिलेला असतो. तिथे तुमची तत्त्वं बाजूला राहतात, घड्याळ दाखवावंच लागतं.

काना_मात्रा, मंगळवार दुपारी १:२०

बोरूबहाद्दर, क्रम हाच धडा आहे हे शंभर टक्के मान्य. पण नेमक्या त्याच कारणासाठी तिथे नेक्स्ट अडवून भागत नाही.

पाच पायऱ्यांच्या स्लाइड ओळीने लावल्या आणि एका वेळी एकच बटण चालू ठेवलं, तर माणसाने काय केलं? उजळलेलं बटण दाबलं. पाच वेळा. चौथी पायरी त्याला ठाऊक होती की नाही हे त्यालाही कळलं नाही आणि तुम्हालाही नाही. तुमचा तो अनुभवी माणूस असा कोर्स एकही चूक न करता पार करेल आणि उद्या यंत्रावर जाऊन चौथी पायरी गाळेल. चुकायची वाट आपणच बंद करून ठेवली होती, चूक दिसणार कुठून?

त्याऐवजी पाचही पायऱ्या एकाच स्लाइडवर विस्कटून ठेवा, सगळ्या चालू. "आता काय कराल?" तो यंत्र बंद करतो, स्रोत तोडतो, कुलूप आणि टॅग लावतो आणि साठलेला दाब न सोडता थेट खात्रीकडे जातो. जाऊ द्या. पुढच्या लेयरवर दाबमापकाचा काटा शून्याच्या वर आहे हे दाखवा. त्याने झाकण उघडायचा निर्णय घेतला तर तेही घेऊ द्या, आणि काय झालं ते दाखवा. मग त्याच निर्णयाच्या जागी परत आणा. आणि आता अडवा! क्रम बरोबर लावल्याशिवाय पुढचा भाग उघडायचा नाही. इथे अडवलं तर कुणी कुरकुर करत नाही, कारण आपण का अडलो हे ज्याचं त्याला दिसत असतं.

हे अडवणंच आहे, पण कृतीला बांधलेलं. घड्याळाला बांधलं की माणूस घड्याळ संपायची वाट बघतो, मधलीसुट्टींनी वर सांगितलंच आहे. घड्याळ न बघता कृती बघा, एवढंच माझं म्हणणं.

संशोधनाचं म्हणाल तर रिचर्ड मेयर आणि पॉल चँडलर यांचा २००१ मधला प्रयोग या विषयात वारंवार सांगितला जातो. आकाशातली वीज कशी तयार होते हे सांगणारं, निवेदनासकट सुमारे १४० सेकंदांचं ॲनिमेशन. ते सलग दाखवण्यापेक्षा १६ तुकड्यांत, प्रत्येक तुकड्यानंतर बटण दाबून पुढे जायची सोय देऊन दाखवलं, तेव्हा शिकलेलं नव्या प्रश्नांना लावण्यात लोक सरस ठरले. हा प्रयोग "शिकणाऱ्याला मोकळीक द्या" याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. पण नीट पाहिलं तर क्रम बदलायची मुभा त्यात कुणालाच नव्हती, मुभा होती ती वेगाची. मी तिथेच रेघ मारते. जिथे क्रमावर काही अवलंबून आहे तिथे क्रम तुम्ही ठरवा, वेग त्याच्या हातात राहू द्या.

किमान वेळेची अट असेल तर प्रश्नच मिटला, ती पाळायची. पण मग वेळ पूर्ण कोर्सवर मोजा, एकेका स्लाइडवर नको. कुणी एका आकृतीवर पाच मिनिटं घालवली आणि प्रस्तावना दहा सेकंदांत संपवली तर नियमाचं काही बिघडत नाही.

बोरूबहाद्दर, मंगळवार दुपारी २:०४

दाबमापकाचा काटा आवडला. वर्गात मी हेच तोंडी करतो, कोर्समध्ये कधी सुचलं नाही. पण असं बांधायला वेळ केवढा लागेल? साठ स्लाइडना कसं जमायचं?

काना_मात्रा, मंगळवार दुपारी २:११

साठांना नकोच. असे खरे निर्णय अख्ख्या कोर्सात चार-पाच निघतील. बाकीच्या स्लाइड माहितीच्या, त्या मोकळ्या सोडा.

पाटीपेन्सिल, मंगळवार संध्याकाळी ६:४५

खूप आभार. अनुस्वार, दोन्ही दुरुस्त्या चालल्या. चार लेयरच्या स्लाइडवर तपासणारा ट्रिगर वर आणि किंमत बदलणारा खाली, असंच निघालं.

हो, पब्लिश स्कॉर्म १.२ मध्येच आहे. आणि निवेदन पुन्हा ऐकायला लागू नये म्हणून परवा सगळ्या स्लाइड 'रिझ्यूम सेव्ह्ड स्टेट' वर (स्लाइड सोडली तशीच परत उघडते) टाकल्यात.

ढगाळ, मंगळवार रात्री ८:१७

एलएमएस सांभाळणं हाच माझा धंदा, त्यामुळे हा भाग मी घेतो.

स्कॉर्म १.२ मध्ये कोर्सला आपली आठवण ठेवायला सस्पेंड-डेटा नावाची एकच जागा मिळते आणि तिची मर्यादा ४,०९६ अक्षरं. कोणत्या स्लाइड पाहिल्या, कुठलं बटण कुठल्या स्टेटमध्ये होतं, कुठला लेयर उघडा होता, व्हेरिएबलच्या किमती, सगळं एका ओळीत कोंबून तिथे जातं. प्रत्येक स्लाइड सेव्ह्ड स्टेटवर टाकली की ही ओळ फुगते. मर्यादा ओलांडल्यावर काही एलएमएस शेपूट कापतात, काही नवीन नोंद घेतच नाहीत. दोन्हींत पुढच्या वेळी कोर्सला ती नोंद वाचता येत नाही आणि तो पहिल्यापासून सुरू होतो.

काहींचंच का हरवतं तेही यातून कळतं. तक्रार करणारे बहुतेक कोर्सात लांबवर पोचलेले किंवा मागेपुढे खूप फिरलेले निघतील. पाच स्लाइड बघून सोडणाऱ्याची ओळ लहान असते, त्याला काही होत नाही. म्हणूनच आपण घाईघाईने करतो त्या चाचणीत हे सापडत नाही.

तुमचा एलएमएस घेत असेल तर स्कॉर्म २००४ ची तिसरी किंवा चौथी आवृत्ती वापरा, तिथे मर्यादा ६४,००० आहे. दुसरीत ती ४,००० च होती, त्यामुळे नुसतं '२००४' म्हणून भागत नाही. एलएमएस १.२ वरच असेल तर सेव्ह्ड स्टेट फक्त जिथे खरंच हवी तिथे ठेवा आणि बाकी स्लाइड सुरुवातीच्या स्थितीत परत येऊ द्या. अनुस्वारांच्या पद्धतीतलं खरं/खोटं व्हेरिएबल अगदी थोडी जागा खातं. काम झालं होतं एवढंच लक्षात ठेवा, स्लाइड जशी दिसत होती तशी साठवायची गरज नाही.

जाता जाता: स्कॉर्म २००४ मध्ये सीक्वेन्सिंग (भागांचा क्रम ठरवणारे नियम) आहे, त्यात फक्त पुढेच जाऊ देणारा नियमसुद्धा आहे, असं कुणीतरी तुम्हाला सांगेलच. आहे खरं, पण ते एका पॅकेजातल्या वेगवेगळ्या एससीओंमध्ये (एलएमएसला स्वतंत्र दिसणारे कोर्सचे भाग) चालतं. स्टोरीलाइनचा कोर्स सहसा एकच एससीओ असतो, आतल्या साठ स्लाइड एलएमएसला दिसतच नाहीत. त्या तुम्हालाच आवरायच्या आहेत.

स्पर्शवाचक, बुधवार सकाळी ७:५०

मी स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतो. वर एक गोष्ट कुणाच्याच बोलण्यात आली नाही म्हणून लिहितो.

निवेदन आपोआप सुरू झालं की माझा स्क्रीन रीडर आणि तुमची निवेदिका एकदम बोलतात, आणि मला दोघांचंही कळत नाही. म्हणून मी पहिलं काम करतो ते निवेदन थांबवायचं. वेब ॲक्सेसिबिलिटीच्या मार्गदर्शक तत्त्वांत (डब्ल्यूसीएजी, निकष १.४.२) तीन सेकंदांपेक्षा जास्त आपोआप वाजणारा आवाज थांबवता किंवा कमी करता आला पाहिजे असं अगदी पायाभूत पातळीवर सांगितलंय. पण तुमच्या कोर्सात निवेदन थांबवलं की नेक्स्ट उघडतच नाही. मी नियमाप्रमाणे मिळालेला हक्क वापरला की अडकलो. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांचा विचार करा: लिहिलेला मजकूर वाचून ते केव्हाच मोकळे झालेत आणि त्यांना न ऐकू येणारा आवाज संपायची वाट बघतायत.

दुसरं, बंद बटणाचं. वेबवर खऱ्या अर्थाने डिसेबल्ड केलेलं बटण टॅब कीच्या फेऱ्यातून गळतं. मी टॅब दाबत जातो आणि मला नेक्स्ट सापडतच नाही. ते बंद आहे की या स्लाइडवर नाहीच, हे कसं कळणार? ज्यांना कमी दिसतं त्यांची वेगळीच पंचाईत. कॉन्ट्रास्टच्या निकषातून निष्क्रिय घटकांना सूट आहे, म्हणून डिझाइनर ते इतकं फिकट करतात की असून नसल्यासारखं. आणि बटण उघडलं तर ते मला सांगायला हवं, फोकस (कीबोर्ड सध्या जिथे आहे ती जागा) न हलवता (निकष ४.१.३, हा २०१८ च्या २.१ आवृत्तीत आला).

माझी विनंती: बटण बंद करू नका. दाबू द्या, आणि काय राहिलंय ते शब्दांत सांगा.

अनुस्वार, बुधवार सकाळी १०:२२

स्पर्शवाचक, पटलं. पाटीपेन्सिल, मी सुचवलेली डिसेबल्डची पद्धत टाकून द्या आणि असं करा. नेक्स्ट कायम चालू. त्याच्यावर दोन ट्रिगर:

नेक्स्ट दाबलं → सगळं_झालं = खरं असेल तर पुढच्या स्लाइडवर जा
नेक्स्ट दाबलं → सगळं_झालं = खोटं असेल तर 'बाकी आहे' हा लेयर दाखवा

स्टोरीलाइन स्वतःहून देते तो 'पुढच्या स्लाइडवर जा' हा बिनशर्त ट्रिगर काढायला विसरू नका, नाहीतर अटीला विचारतंय कोण. लेयरवर "अजून पाहा" असलं मोघम नको. "'साठलेली ऊर्जा' आणि 'खात्री' हे भाग उघडायचे राहिलेत" असं नावानिशी लिहा. चारही व्हेरिएबल हाताशी असताना राहिलेल्यांचीच नावं दाखवणं अवघड नाही. आणि 'तरीही पुढे जायचंय' असं दुसरं बटण त्या लेयरवर देता आलं तर बघा. माहितीच्या स्लाइडवर तरी द्याच.

नवखा_लेखणी, बुधवार दुपारी १२:४०

धाग्यात घुसतोय, माफी असावी. माझ्याकडे स्टोरीलाइन नाही. पॉवरपॉइंटमध्ये असं काही होतं का? क्लिकवर पुढे जाणं बंद केलं तरी बाणाच्या कीने स्लाइड पुढे जाते.

चौकोन, बुधवार दुपारी १२:५८

'सेट अप स्लाइड शो' मध्ये किऑस्कचा पर्याय निवडा. मग माउसची क्लिक आणि बाण दोन्ही निकामी होतात, फक्त तुम्ही टाकलेल्या लिंक आणि ॲक्शन बटणं चालतात. स्लाइडना टाइमिंग दिलं असेल तर काढा, नाहीतर त्या आपोआप सरकतील. मात्र व्हेरिएबल नाहीत, त्यामुळे "चारही पाहिले का" हे तपासता येत नाही. स्लाइडच्या प्रती करून भासवता येतं, पण पुढे ते सांभाळणं कठीण.

फुकट हवं असेल तर एचफाइव्हपी (ब्राउझरमध्ये चालणारे धडे बनवायचं साधन) बघा. त्यातल्या कोर्स प्रेझेंटेशनमध्ये ॲक्टिव्ह सरफेस मोड आहे, तो लावला की खालची पट्टी जाते आणि तुम्ही ठेवलेल्या लिंकनेच फिरता येतं. फाटे फोडायचे असतील तर ब्रांचिंग सिनॅरिओ त्यातच वेगळं आहे.

पाटीपेन्सिल, बुधवार रात्री ९:३०

आता खरा डोंगर: क्लायंट. त्यांना "लोकांनी पाहिलं" याचा पुरावा हवाय. मी मोकळं सोडते म्हटलं की ते म्हणणार, मग आम्ही काय दाखवायचं?

काना_मात्रा, बुधवार रात्री १०:१५

त्यांना विचारा, तपासणीला कुणी आलं तर काय दाखवलेलं बरं? "साठ स्लाइडवर प्रत्येकी चाळीस सेकंद थांबला" हे, की "साठलेली ऊर्जा सोडायचं पहिल्या वेळी चुकला, दुसऱ्या वेळी बरोबर केलं" हे? दुसरी नोंद कितीतरी भक्कम आहे आणि ती त्या चार-पाच निर्णयांतूनच मिळते. प्रत्येक निर्णय गुण मोजणारा प्रश्न म्हणून बांधा, म्हणजे उत्तर एलएमएसकडे जाईल. नुसता लेयर असेल तर जाणार नाही.

बोरूबहाद्दर, बुधवार रात्री १०:४०

आणि ज्यांना खरंच येतं त्यांच्यासाठी सुरुवातीलाच परीक्षा ठेवा. पास झाला तर माहितीचा भाग ऐच्छिक, पण ते चार-पाच निर्णय मात्र सगळ्यांना सक्तीचे. एवढं माझं ऐका. ज्यांना यातलं सगळं येतं असं वाटतं त्यांच्याकडूनच मला ते करवून घ्यायचे आहेत.

ढगाळ, गुरुवार सकाळी ९:०५

हे करणार असाल तर कोर्स पूर्ण झाल्याची नोंद कशावर आहे ते आजच बघा. 'इतक्या स्लाइड पाहिल्या की पूर्ण' असं ठेवलं असेल आणि परीक्षा पास झालेला माणूस तीस स्लाइड वगळून गेला, तर त्याचा कोर्स जन्मात पूर्ण होणार नाही. ब्रांचिंगच्या कोर्सात हेच होतं: चुकीच्या वाटेवरच्या स्लाइड बरोबर उत्तर देणाऱ्याला दिसतच नाहीत, मग हुशार माणूस 'अपूर्ण' आणि चुकत गेलेला 'पूर्ण'. नोंद क्विझच्या निकालावर बांधा, किंवा शेवटच्या स्लाइडवर पूर्ण झाल्याचा ट्रिगर टाका.

मधलीसुट्टी, गुरुवार सकाळी ९:४८

एक मागणी ग्राहकाकडून. कोर्स पुरा झाल्यावर तरी सगळी दारं उघडा. सहा महिन्यांनी एखादी आकृती बघायला येतो तेव्हा प्रस्तावनेपासून चालत यायला लावू नका.

पाटीपेन्सिल, गुरुवार रात्री ८:५५

क्लायंटशी बोलले. निम्मं मानलं. ठरलंय ते असं: माहितीच्या स्लाइड मोकळ्या, मेनू रिस्ट्रिक्टेड (फ्रीला तयार झाले नाहीत), नेक्स्ट सगळीकडे चालू आणि काय राहिलं ते सांगणारा लेयर. पाच निर्णयांच्या स्लाइडवर बरोबर क्रम लागल्याशिवाय पुढे नाही, तिथे 'तरीही पुढे' नाही. निवेदन आपोआप सुरू न होता बटणाने. सुरुवातीची परीक्षा त्यांना आवडली, कारण अनुभवी लोकांचा वेळ वाचतोय. मधलीसुट्टींसाठी मोकळ्या मेनूची वेगळी प्रत संदर्भ म्हणून ठेवणार आहे, नोंद न करणारी.

एक हरले. कायदेशीर सूचनेची स्लाइड पूर्ण ऐकलीच पाहिजे, त्यावर ते ठाम आहेत.

स्पर्शवाचक, गुरुवार रात्री ९:२०

तिथे निवेदनाऐवजी 'मी वाचलं' असा चेकबॉक्स मान्य होतो का विचारून बघा. चेकबॉक्सला लेबल मात्र नीट लावा. आणि ऐकायचंच असेल तर निवेदनाचा लिखित मजकूर शेवटपर्यंत वाचणं हेही 'पूर्ण' धरा.

चौकोन, गुरुवार रात्री ९:४४

निर्णयांच्या पाच स्लाइड फोनवर नक्की तपासा. नेक्स्टच्या ट्रिगरला स्वाइपही जोडलेलं असू शकतं. बटणावर अट आणि स्वाइप मोकळं, असं झालं तर अडवलेली स्लाइड बोटाने सरकेल. कीबोर्डचे शॉर्टकटही एकदा दाबून बघा.

ढगाळ, शुक्रवार सकाळी ८:१०

आणि हे नवं पब्लिश जुन्याच्या डोक्यावर चढवू नका. चाचणीतले जे लोक अर्ध्यात आहेत त्यांची जुनी साठवण जुन्या स्लाइडच्या रचनेची आहे. नवा कोर्स ती वाचायला जाईल आणि भलत्याच स्लाइडवर उघडेल किंवा उघडणारच नाही. नवीन कोर्स म्हणून टाका, चाचणीतल्या लोकांची नव्याने नोंदणी करा. जुना लगेच पुसू नका, त्यातले निकाल कुणीतरी मागेलच.